दुकान, रिव्हॉल्वर आणि एक शनिवार-रविवार : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

बाबांच्या रिव्हॉल्वरचा परवाना माझ्या नावावर होऊन हातात आला. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारकाचं वय ७० झालं किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षं राहिलं, की तो हयात असतानाच कायदेशीर वारसाला परवाना मागता येतो. बाबांच्या बाबतीत दोन्ही अटी बसत होत्या. आयुक्तालयातला अर्ज, पोलीस ठाण्याची चौकशी, वैद्यकीय दाखला, सगळं झालं. मधेच विधानसभेची निवडणूक लागली आणि आचारसंहितेत रिव्हॉल्वर ठाण्यात जमा होतं. निकालानंतर परत आलं.

अर्जाला एस-१ फॉर्म लागतो, म्हणजे शस्त्र हाताळण्याचं आणि सुरक्षित ठेवण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला. ते प्रशिक्षण अर्ध्या दिवसात आटोपलं होतं. कोणत्या भागाला काय म्हणतात ते कळलं आणि सही मिळाली. एवढ्यावर गल्ल्यात रिव्हॉल्वर ठेवून बसायचं, हे मला पटत नाही.

म्हणून ही वही. दुकानाच्या ज्वेलर्स ब्लॉक पॉलिसीचं, म्हणजे सराफी मालाच्या विम्याचं, नूतनीकरणही याच महिन्यांत आहे आणि सर्व्हेअरने दुकानाचा मापांसह नकाशा मागितला आहे. सुरक्षेचं जे काही करायचं ते एकाच ठिकाणी लिहिलेलं बरं. नागपूरच्या इतवारीतल्या सराफ्यात आमची पेढी खाली आणि घर वर आहे. वर आई, बाबा, दादा, वहिनी, मी आणि आठ वर्षांची पुतणी. खाली दोन मुलं काउंटरला, मागच्या खोलीत जुने कारागीर काका.

बाबांचं म्हणणं सोपं आहे. रिव्हॉल्वर गल्ल्यात आहे हे चार जणांना माहीत असलं की पाचवा येत नाही. इतकी वर्षं कोणी आलं नाही, हा त्यांचा पुरावा.

१२ जानेवारी, रविवार

काटोल रोडच्या पुढे एका खासगी रेंजवर दोन दिवसांचा कोर्स आहे, तिथे जाऊन आले. संक्रांत तोंडावर, त्यामुळे नायलॉन मांजाच्या धास्तीने गळ्याला ओढणी गुंडाळून गाडी चालवली. नागपुरात जानेवारीत रिव्हॉल्वरपेक्षा मांजाची भीती जास्त असते, हे खरंच आहे.

शिकवणारे मूळचे भंडाऱ्याचे, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. कामठीच्या गार्ड्स रेजिमेंटल सेंटरमध्ये बरीच वर्षं जवानांना फायरिंग शिकवलं. पहिला प्रश्न विचारला, "ताई, कोर्स कशासाठी?" मी म्हटलं, दुकानासाठी. "दुकानात फायर करायचं आहे की दुकान वाचवायचं आहे?" मी उत्तर दिलं नाही, त्यांनीही वाट पाहिली नाही. फॉर्म पुढे सरकवला.

मूळ परवाना आणि आधार सोबत आणायचं. शस्त्र रिकामं, काडतुसं वेगळ्या डब्यात. कानाला मफ आणि त्याखाली प्लगही. डोळ्याला पारदर्शक गॉगल. बंद बूट. गळाबंद शर्ट, कारण शेजारच्याच्या पिस्तुलातून उडालेली तापलेली पुंगळी कॉलरमधून आत गेली की माणूस हातातलं शस्त्र विसरून नाचायला लागतो. साडी-ओढणी नाही. केस बांधलेले.

२५ जानेवारी, शनिवार

रिव्हॉल्वर परवानाधारक विक्रेत्याकडच्या मिस्त्रींना दाखवलं. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२, सहा गोळ्यांचं. वेब्ली या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या आराखड्यावर बेतलेलं, म्हणजे वरची कडी दाबली की मधोमध मोडून उघडतं आणि सगळ्या पुंगळ्या एकदम वर येतात. मिस्त्री म्हणाले, यंत्र ठीक आहे, पण तेल साचून त्याची राळ झाली आहे. गल्ल्यातली धूळ, नाण्यांचा कीस आणि बाबांनी दर दसऱ्याला वाहिलेलं हळदकुंकू, सगळं आत होतं. शस्त्रपूजेनंतर पुसायचं असतं, हे बहुधा कोणी सांगितलं नाही.

जुनी काडतुसं त्यांनी बाजूला काढायला सांगितली. नवी घेतली आणि परवान्यावर नोंद करून घेतली.

घरी येऊन काट्यावर ठेवलं. पाऊण किलोच्या आत. आमच्या हिशेबात साठ-सत्तर तोळ्यांचा माल, आणि तो एका हाताने पुढे धरून स्थिर ठेवायचा.

१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी बजेट. सोन्यावरचं सीमाशुल्क गेल्या जुलैत १५ वरून ६ टक्क्यांवर आलं होतं, तसंच राहिलं. बाजार निवांत. भाव मात्र चढतोच आहे, म्हणजे त्याच तिजोरीत त्याच वजनाचा माल गेल्या वर्षापेक्षा जास्त किमतीचा. विम्याची रक्कम वाढवावी लागणार.

रात्री कोरडा सराव. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात, मग रिव्हॉल्वर मोडून सहाही घरं डोळ्यांनी आणि बोटाने तपासायची, मग त्यात नकली काडतुसं. समोर विटांची भिंत. पुतणी झोपल्यावरच. घोडा (काडतुसावर पडणारा मागचा भाग) आधी मागे न चढवता नुसता चाप ओढला तर ओढ लांब आणि जड, कारण त्या एकाच ओढीत घोडा मागे जातो, काडतुसांची चक्री फिरते आणि घोडा पडतो. घोडा आधी चढवला तर चाप अगदी हलका, आणि घाबरलेल्या बोटाला तो हलकेपणा धोक्याचा. सुभेदारसाहेबांनी निरोप पाठवला होता, घोडा चढवून सराव करायचाच नाही.

कारागीर काका फुंकणीने आच देतात तेव्हा गाल फुगलेले दिसतात, पण ज्योत हलत नाही. चाप तसा ओढायचा असतो. आज तरी ज्योत हलते आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार : पहिला दिवस

सकाळी थंडी. काटोल रोडवर धुकं आणि संत्र्यांचे ट्रक. वर्गात आम्ही थोडेच. सावनेरचे एक संत्रा बागायतदार, एक डॉक्टर, बँकेतून निवृत्त झालेले बंदूकधारी रक्षक, प्लॉटचा धंदा करणारे एक भाऊ, आणि मी. बागायतदारांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकलं, "मले माणसं नाही मारायची. आपल्याले तर डुकरं पळवाची आहे." सुभेदारसाहेब म्हणाले, मग तुम्ही सगळ्यांत लवकर शिकाल.

प्लॉटवाले भाऊ टी-शर्टवर उघडं होल्स्टर (शस्त्राचं म्यान) लावून आले होते. त्यांना गाडीकडे परत पाठवलं. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र झाकलेलं आणि ताब्यात असलं पाहिजे, हा परवान्याचा नियम आहे, ऐच्छिक विषय नाही. थोड्या वेळाने याच भाऊंनी वरातीतल्या हवेतल्या गोळीबाराबद्दल विचारलं. २०१९ च्या दुरुस्तीपासून आनंदाच्या गोळीबारात दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. भाऊ म्हणाले, "सहज विचारून राहिलो." त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ केली आणि एका माणसाकडे जास्तीत जास्त दोन शस्त्रं एवढी मर्यादा घातली. ते ऐकून मात्र भाऊ गप्प झाले.

मग चार नियम. हे चार नियम आज जगभर शिकवतात त्या रूपात अमेरिकेच्या मरीन दलातले अधिकारी जेफ कूपर यांनी बसवले. त्यांनी १९७६ मध्ये ॲरिझोनात नागरिकांना पिस्तूल शिकवणारी शाळा काढली. प्रत्येक शस्त्र भरलेलंच आहे असं माना. जे नष्ट करायची तयारी नाही त्याच्यावर नळी फिरवू नका. नेम लागेपर्यंत बोट चापावर नको. आणि लक्ष्य कोणतं, त्याच्या मागे काय आहे, हे माहीत असू द्या. पहिले तीन हाताचे नियम आहेत, सरावाने अंगवळणी पडतात. चौथ्याने मला दिवसभर सोडलं नाही. माझ्या गल्ल्यावरून दाराकडे नळी धरली तर मागे काय आहे? समोरची भांड्यांची दुकानं, हातगाड्या, ई-रिक्षा, सोनं बघायला आलेलं कुणाचं तरी लग्नघर. इतवारीत सकाळी अकरानंतर माझ्या दारामागे कधीच कोणी नाही, असं होत नाही.

दुपारपर्यंत एकही गोळी नाही. उभं राहणं, पकडणं, बोट. दोन्ही हात सारखे पुढे, खांदे किंचित पुढे झुकलेले, गुडघे सैल. रिव्हॉल्वर धरताना डाव्या हाताचा अंगठा चक्रीच्या पुढच्या कडेजवळ जाऊ द्यायचा नाही. चक्री आणि नळी यांच्यामध्ये फट असते आणि गोळी सुटताना तिथून तापलेला वायू आणि शिशाचे कण बाजूला फुटतात. पिस्तुलावर सराव केलेला माणूस रिव्हॉल्वर धरतो तेव्हा नेमका तिथे अंगठा ठेवतो. प्लॉटवाल्या भाऊंचा अंगठा सुभेदारसाहेबांनी स्वतःच्या हाताने दोनदा मागे घेतला.

जेवणाआधी हात गार पाण्याने आणि साबणाने धुवायचे. काडतुसाच्या टोपीत आणि गोळीत शिसं असतं, ते हाताला लागतं, आणि आपण तेच हात घेऊन तर्री पोह्यांवर तुटून पडतो. फायरिंग लाइनवर खाणं-पिणं बंदच.

दुपारी आधी क्लबच्या .२२ पिस्तुलावर. आवाज कमी, धक्का नसल्यासारखा. लक्ष्य म्हणजे वाढदिवसाला आणतो तशा कागदी प्लेटा, पहिल्यांदा तीन मीटरवर. पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा खुंट, स्वच्छ दिसली पाहिजे, प्लेट धूसर दिसली तरी चालते. डॉक्टरांचा चष्मा दोन भिंगांचा, त्यामुळे माशी स्पष्ट दिसायला ते हनुवटी वर करत होते. त्यांना जवळच्या नंबरचा वेगळा चष्मा बनवायला सांगितलं.

मग आपापलं शस्त्र. .३२ चा आवाज उघड्या रेंजवरही छातीत बसतो. इथे त्यांनी एक खेळ केला. शेजाऱ्याने माझ्या चक्रीत काही खरी काडतुसं आणि काही नकली भरायची, क्रम मला सांगायचा नाही. नकलीवर घोडा पडला की आवाज नाही, धक्का नाही, आणि तरीही नळी खाली बुडते, कारण हाताने धक्क्याची तयारी आधीच केलेली असते. सगळ्यांची बुडाली. रक्षक काकांची सुद्धा. त्यांनी नोकरीत बारा बोअर खांद्यावर वागवली होती आणि वार्षिक सरावापुरतीच चालवली होती. "इतकी वर्षं बँकेच्या दारात उभा होतो," असं म्हणून ते पुढचा बराच वेळ काही बोलले नाहीत. नकली काडतुसांचा हा एक खेळ बाकी सगळ्या दिवसापेक्षा जास्त शिकवून गेला. घरी हेच करायचं आहे.

९ फेब्रुवारी, रविवार : दुसरा दिवस

उजवं मनगट आणि तर्जनीचं पेर दुखतंय. डाव्या हाताने चहा.

सकाळी आड आणि आडोसा. दोन्हींत फरक आहे. आडोशामागे माणूस दिसत नाही, आडामागे त्याला गोळी लागत नाही. प्लायवूडचं काउंटर आणि काचेची शोकेस म्हणजे आडोसासुद्धा अर्धा. विटांची भिंत, भरलेली तिजोरी हे आड. जिप्समची पार्टिशन गोळीसाठी नसल्यासारखीच. दादाने गेल्या दिवाळीत मागची खोली अशीच पार्टिशन घालून वेगळी केली, आणि कारागीर काका त्या पार्टिशनला पाठ लावून बसतात. नकाशात लाल खूण केली.

होल्स्टरमधून शस्त्र काढणं प्लास्टिकच्या नकली रिव्हॉल्वरवरच, सगळ्यांना. भरलेल्यावर कोणालाच नाही, रक्षक काकांनाही नाही. कपडा बाजूला, पकड, वर, पुढे, दुसरा हात, आणि बोट शेवटी. परत ठेवताना घाई करायची नाही. होल्स्टरमध्ये परत घालताना स्वतःच्या मांडीत गोळी घालून घेणारे सगळ्या देशांत आहेत.

मग ज्यासाठी मी आले होते ते. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटी पोलिसांचे प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी एक साधी मोजणी लिहून प्रसिद्ध केली. चाकू घेतलेला धडधाकट माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो, आणि सराव असलेल्या माणसाला होल्स्टरमधून काढून गोळी झाडायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. पुढे लोकांनी या २१ फुटांचा कायदाच करून टाकला, की एवढ्या अंतरात आला तर झाडायला मोकळीक. तसं काही नाही. ती फक्त वेळेची मोजणी होती. सुभेदारसाहेबांनी हे दोनदा सांगितलं आणि प्लॉटवाल्या भाऊंकडे बघून तिसऱ्यांदा.

आम्ही ती करून पाहिली. हातात फोमचा चाकू, समोर नकली रिव्हॉल्वर, आणि तिसऱ्याकडे शिटी. डॉक्टर पन्नाशीचे, पोट सुटलेलं, तरी ते धावत आले तेव्हा भाऊंचं शस्त्र जेमतेम समोर आलं होतं. बागायतदार तर पोहोचलेच. रानडुकराच्या मागे धावणारा माणूस आहे.

मी एकच मागणी केली. होल्स्टर नको, टेबलाच्या खणातून करून पाहू. खण बंद, वर वही, मी खुर्चीत बसलेली, समोर ग्राहकासारखा माणूस बोलत उभा. बाबा रोज बसतात तसं. शिटी वाजली. खणाला हात जाईपर्यंत माणूस टेबलावर होता. खण उघडून रिव्हॉल्वर बाहेर येईपर्यंत त्याचा हात माझ्या मनगटावर. अंतर बदललं, माणूस बदलला, खण अर्धा उघडा ठेवून पाहिला. अर्ध्या उघड्या खणाने एवढंच झालं की रिव्हॉल्वर त्याच्या हाताला लागलं.

"आता सांगा, दुकानात फायर करायचं आहे की दुकान वाचवायचं आहे?" सुभेदारसाहेबांनी जानेवारीतला प्रश्न जसाच्या तसा विचारला. त्यांना लक्षात होता.

कूपर यांचे सावधपणाचे चार रंगही झाले. पांढरा म्हणजे गाफील, पिवळा म्हणजे निवांत पण जागा, केशरी म्हणजे अमुक माणसाकडे लक्ष, लाल म्हणजे आता काय करायचं हे आधीच ठरलेलं. मला यात नवीन काही वाटलं नाही. सराफ्यातला कोणताही जुना माणूस पिवळ्यातच जगतो. बुरख्याआड अंगठी बदलणारे, 'साहेबांनी पाठवलं' म्हणून बांगड्या दाखवायला नेणारे, पॉलिश करून देतो म्हणून सोनं झिजवणारे, हे सगळे पांढऱ्या रंगातल्या माणसालाच सापडतात.

शेवटी रक्तस्राव. जखमेवर थेट दाब, हातापायाला टूर्निकेट (रक्त थांबवायला आवळायचा पट्टा), ११२ ला फोन. फोनवर पत्ता आधी, गोष्ट नंतर. पोलीस आले की शस्त्र खाली आणि हात उघडे, कारण आत येणाऱ्याला कोण दुकानदार आणि कोण दरोडेखोर हे कपाळावर लिहिलेलं दिसत नाही.

९ फेब्रुवारी, रात्री : वकिलांचं सत्र

हे वेगळं लिहिते, कारण घरात याचंच जास्त काम पडणार.

दुपारी जिल्हा न्यायालयात फौजदारी खटले चालवणाऱ्या एक वकील बाई आल्या. स्वसंरक्षणाचा हक्क आधी दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ मध्ये आहे. कलम ३७ म्हणतं, संरक्षणासाठी लागते त्यापेक्षा जास्त इजा करायचा हक्क नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हक्कच नाही. जीव घेण्यापर्यंत हा हक्क कधी जातो ते ३८ आणि ४१ मध्ये. ३८ शरीराबद्दल : मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला वगैरे. ४१ मालमत्तेबद्दल : जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेतली घरफोडी, घराला किंवा माल ठेवायच्या जागेला आग लावणं, आणि ज्या चोरीत जिवाची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती वाटते ती. नुसती चोरी यात नाही.

मी विचारलं ते सराफ्यात सगळेच विचारतात. बॅग हिसकावून दोघं मोटारसायकलवर पळाले, पाठीवर गोळी झाडता येते का? त्यांनी कलम ४३ वाचायला लावलं. जबरी चोरीविरुद्धचा हक्क तोपर्यंतच, जोवर गुन्हेगार इजा करतोय किंवा करायला बघतोय, किंवा तत्काळ मृत्यूची, दुखापतीची, अडवून धरण्याची भीती कायम आहे. बॅग गेली, गाडी वळली, भीती संपली. त्यानंतर पाठीत घातलेल्या गोळीचा जबाब तुम्हाला द्यायचा आहे, आणि ती स्वसंरक्षणाच्या अपवादात बसते हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर असते. आरोपी म्हणजे तुम्ही. हा शब्द उच्चारून त्या थोडा वेळ थांबल्या.

बॅगेचा विमा असतो. हे त्या म्हणाल्या नाहीत, मी मनात म्हटलं.

कलम ४४ वरून भाऊंनी वाद घातला. जिवावरच्या हल्ल्यात निरपराध माणसाला धोका पोचवल्याशिवाय बचाव करणं शक्यच नसेल, तर तो धोका पत्करण्याचा हक्क आहे, असं ते कलम. भाऊंच्या मते म्हणजे गर्दीतही चालतं. बाईंनी 'शक्यच नसेल' या दोन शब्दांवर पेन ठेवलं आणि विचारलं, मागच्या दाराने पळणं शक्य होतं का, खाली बसणं शक्य होतं का, हे सरकारी वकील तुम्हाला किती वेळा विचारतील?

दुसरी बाजूही त्यांनी सांगितली. जीव धोक्यात असलेल्या माणसाने किती बळ वापरलं ते सोन्याच्या काट्यावर तोलता येत नाही, असं आपल्या न्यायालयांच्या निकालांत वारंवार येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या निकालात या हक्काची तत्त्वं एकत्र मांडली आहेत. भीती वाजवी होती का हे पाहतात, ती खरी ठरली का एवढंच पाहत नाहीत. माझा काटा मिलिग्रॅम दाखवतो. त्या कामाला तो नको, हे ऐकून बरं वाटलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

दुकान उघडायच्या आधी फीत घेऊन मोजलं. दार ते गल्ला : ११ फूट. शोकेसचा वळसा धरला तरी १४. २१ च्या जवळपासही नाही. बाबांची खुर्ची दाराच्या थेट रेषेत, तीही उघड्या बाजूला. मागची तिजोरी हा एकमेव खरा आड, आणि तिथे जायला बाबांना गल्ल्याच्या बाहेर येऊन वळावं लागतं.

वरचं घर : जिना एकच, अरुंद, तळाला लाकडी दार. जिन्याच्या डोक्यावरून खाली पाहिलं तर मागे जुनी दीड फुटी विटांची भिंत, पलीकडे आमचंच गोदाम. रात्री तिथे कोणी नसतं. या अख्ख्या इमारतीत चौथा नियम पाळता येतो अशी ही एक जागा आहे. जिन्याच्या तळाशी दार मजबूत असेल तर ते फोडायला जो वेळ लागेल त्यात सगळे आईबाबांच्या खोलीत जातात, वहिनी ११२ ला फोन करते, आणि तरीही कोणी वर आलं तर ते अंतर, तो अंधार आणि ती भिंत आमच्या बाजूची.

म्हणजे हिशेब सेकंदांचा आहे. दुकानात मला सेकंद मिळतात ते दारावर, रिव्हॉल्वरमध्ये नाही. घरात मिळतात ते जिन्याच्या दारावर.

१५ फेब्रुवारी, शनिवार

गांधीबागेतल्या फॅब्रिकेटरला बोलावलं. दुकानाच्या काचेच्या दाराआत दुसरं ग्रिलचं दार, मॅग्नेटिक लॉक, गल्ल्याखाली बटण. ग्राहक आधी दोन दारांच्या मध्ये, चेहरा दिसला की आतलं दार उघडायचं. त्याने विचारलं, लग्नसराईत बायका खोळंबतील ना? खोळंबतील. लग्नसराईत एक मुलगा दारावर उभा करू. वीज गेली की लॉक सुटतं, म्हणून इन्व्हर्टरची वेगळी लाइन. आग लागली तर लॉक आतून हाताने सुटलं पाहिजे, हे मी लिहून घ्यायला लावलं. मागे जाळीचं दार नीट, पण त्याच्या किल्लीसाठी अख्खं घर शोधायचं, हे आमच्याकडे चालणार नाही.

सायरनचं बटण दोन ठिकाणी : गल्ल्याखाली पायाजवळ आणि मागे काकांकडे. सीसीटीव्हीचा डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) दुकानातून काढून वर घरात.

काकांची बैठक पार्टिशनपासून हलवून विटांच्या भिंतीकडे. काकांनी उजेडाची तक्रार केली. दिवा बदलून देते.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शिवजयंती, बाजार अर्धा बंद. महाल भागातून ढोल ऐकू येत होते. जिन्याच्या डोक्याशी, भिंतीच्या कोनाड्यात बोल्ट मारून आकड्यांच्या कुलपाची पोलादी पेटी बसवली. आकडे मला आणि दादाला माहीत. हात लावायचा तो मीच, कारण परवाना माझा आहे. दादाला आकडे आणीबाणीसाठी का होईना द्यावेत का, हे वकील बाईंना विचारायचं आहे. तोपर्यंत बदलून फक्त माझ्याकडे ठेवले.

पुतणीला सांगितलं, पेटीत काय आहे ते. लपवलेली वस्तू मुलं शोधतात. तिला रिकामं, मोडलेलं रिव्हॉल्वर दाखवलं आणि विचारलं, असं कुठेही दिसलं तर काय करायचं. हात लावायचा नाही, तिथून निघायचं, मोठ्यांना सांगायचं. हे तिने शाळेतल्या कवितेसारखं म्हणून दाखवलं आणि मग विचारलं, आजोबांच्या गल्ल्यात होतं तेव्हा मला कोणी काऊन नाही सांगितलं?

२३ फेब्रुवारी, रविवार

दुकान बंद ठेवून सगळ्यांची तालीम. शिटी वाजली की पोरांनी काउंटरच्या मागे खाली बसायचं, शूरपणा करायचा नाही, मागितलं ते द्यायचं. काकांनी मागचं बटण. मी पायाचं बटण. पहिल्यांदा दोन्ही पोरं बटणाकडेच धावली. पुन्हा घेतली. ग्रिलच्या दाराचा सांगाडा अजून आलेला नाही, म्हणून दोरी बांधून दार समजलं.

बाबा खुर्चीत बसून बघत होते. त्यांची खुर्ची दाराच्या रेषेतून हलवून तिजोरीच्या बाजूला घेतली, त्याला त्यांनी हरकत घेतली नाही. हरकत गल्ल्याची होती. "रिव्हॉल्वर वर पेटीत, मग दुकानात काय आहे?" मी त्यांना रेंजवरचा खणाचा प्रयोग करून दाखवायचं ठरवलं. खण, वही, प्लास्टिकचं नकली रिव्हॉल्वर. समोर पोरगा ग्राहक. बाबांनी तो प्रयोग तीनदा केला, तिसऱ्यांदा चिडून. मग म्हणाले, "पोरगा जवान आहे." मी दादाला उभं केलं. मग काकांना. काका पासष्टचे.

बाबांनी वही बंद केली आणि विचारलं, ग्रिलवाला कधी येतो म्हणाला? महाशिवरात्रीनंतर, २७ तारखेला. ॲडव्हान्स दिलाय का? दिलाय. "मग त्याला म्हणा, दाराच्या पट्ट्या पाऊण इंची घाल, अर्ध्या इंचीने काय होतं."

फरकाचे पैसे त्यांनी गल्ल्यातून काढून दिले. पावती फाइलला लावली. सर्व्हेअरला नवा नकाशा उद्या पाठवायचा आहे.